हाजी मन्सूरची बखर

हसूना गेले त्या वर्षी ऑक्टोपसचा हंगाम नुकताच लागला होता. त्या दिवसांत केरकेन्नाच्या बेटांवर समुद्र आणि आभाळ एकाच रंगाचे होतात. किनाऱ्यावर उभं राहून पाहिलं तर लांबच्या होड्या पाण्यावर आहेत की हवेत, हे कळत नाही. हसूनांची मुलगी सालहा, तिलाही बापाच्या मागे कितीतरी दिवस आपण तशाच कुठेतरी अधांतरी तरंगतोय असं वाटत राहिलं. ती हल्फा गवताच्या दोऱ्या वळायची, जवाचा कुसकुस वाफवायची, सांत्वनाला येणाऱ्यांपुढे मान डोलवायची, पण हात एकीकडे आणि ती दुसरीकडे.

दुखवटा सरला तसा तिचा भाऊ तिजानी पलीकडच्या किनाऱ्यावरच्या स्फाक्स शहरातून फेरीबोटीने आला. तो तिथल्या शाळेत इतिहास शिकवायचा. दोघांनी मिळून बाबांची पेटी उघडली. वर कांबळी, कांबळ्यांना वाळलेल्या जिरेनियमच्या पानांचा वास, आणि तळाशी शिडाच्या जुन्या कापडात बांधलेली हाजी मन्सूरची बखर. घर आणि जैतुनाची झाडं यांची वाटणी रीतीप्रमाणे झाली होती. बखरीबद्दल मात्र बाबांनी आजारपणात स्पष्ट सांगून ठेवलं होतं की ती सालहाकडे जाईल. तिजानीने कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "तू ती जगाला सांगायला धावशील. सालहा आधी वाचेल."

रास मिल्ह गावात ही बखर कोणी वाचलेली नव्हती, आणि तिच्याबद्दल मत नसलेला माणूस शोधूनही सापडला नसता.

हाजी मन्सूर म्हणजे हसूनांच्या आजोबांचे आजोबा. काझीकडे लेखनिक होते. म्हातारपणी त्यांनी या बेटांचा सगळा इतिहास लिहून काढला. आता गावाच्या टोकाला, खडकाळ भूशिरावर सिदी यूनुसचा पांढरा दर्गा आहे. हा वली पूर्वेकडून चटईवर बसून समुद्रावरून आला, इथे त्याने संसार मांडला आणि गावातली निम्मी घरं त्याच्या वंशातली, असं सगळे मानतात. त्या घरांना औलाद यूनुस म्हणतात, म्हणजे यूनुसची लेकरं. दर्ग्याची मुजावरकी त्यांच्याकडे, उरुसात पहिला मान त्यांचा, आणि सोयरीक शक्यतो आपसांतच.

हसूना तरुण होते तेव्हा त्यांच्या धाकट्या बहिणीची औलाद यूनुसमधल्या एका घरी ठरलेली सोयरीक मोडली. वलीच्या रक्तात खारं पाणी कशाला मिसळायचं, असं कोणीतरी बोललं. हसूना तडक घरी गेले, बखर काखोटीला मारून कॉफीच्या दुकानात आले आणि सगळ्यांदेखत एक ओळ वाचली. ज्याला आपण यूनुस म्हणतो तो या बेटावर आला तेव्हा मेलेला होता. पुढचं कोणी वाचू दिलं नाही. खुर्च्या उडाल्या. त्या दिवसापासून गावाने हसूनांना वाळीत टाकलं. त्यांच्या मासळीला गिऱ्हाईक मिळेना, ईदला दारात कोणी येईना. त्या रिकाम्या ईदांमध्ये त्यांनी सालहाला मांडीवर घेऊन जुनं हस्ताक्षर वाचायला शिकवलं, पण ते दुष्काळाच्या आणि करवसुलीच्या पानांवरून. वलीचं पान त्यांनी तिच्यासमोर कधी उघडलं नाही.

आणि पुढे सालहाने लग्न केलं ते औलाद यूनुसमधल्याच खमैसशी. मोठ्यांपैकी कोणाला न विचारता तो एका सकाळी सरळ दारात येऊन उभा राहिला होता. त्याचा चुलता फर्जानी, दर्ग्याचा मुजावर, लग्नाला फिरकला नाही. मुलगी झाली तेव्हा आला आणि बखरीचं नाव न काढता चहा पिऊन गेला. मग सगळ्यांनीच तो शिरस्ता धरला. बखरीचं नाव काढायचं नाही आणि चहा प्यायचा.

आता बखर सालहाच्या घरी, खमैसच्या छपराखाली आली होती.

पेटी उघडली त्याच संध्याकाळी तिजानीने खिशातून फोन काढला. त्याला वलीच्या पानाचा फोटो हवा होता.

"एकच पान," तो म्हणाला. "बाकीची बखर तुझ्याकडेच राहू दे."

"एकच का?"

"बाकीचं कोणाला हवंय? सुभेदार कोण होता आणि मिठावर कर किती होता. या पानापायी बाबांचं आयुष्य गेलं, सालहा. लोकांना खरं काय ते कळू दे."

"बाबांचं आयुष्य एका ओळीपायी गेलं," सालहा म्हणाली. "आता एका पानापायी माझं घालवू नकोस."

तिजानीला राग आला. तो दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या बोटीने परत गेला. निघताना बहिणीला जवळ घेतलं, पण पाठ थोपटली ती परक्यासारखी.

जुम्म्याच्या नमाजानंतर फर्जानीचाचा आले. पांढरा जुब्बा, हातात जैतुनाची काठी. त्यांनी रोटीची तारीफ केली, हरिसाच्या लाल चटणीत तेल जास्त आहे म्हणाले, आणि दुसऱ्या कपानंतर हलक्या आवाजात मुद्द्यावर आले. कागदालाही वय असतं. कुराणाचं पान फाटलं तर आपण ते अदबीने मातीत ठेवतो. तुझ्या पूर्वजांच्या हातची चीज आहे, तिलाही तसाच मान मिळावा. दर्ग्याच्या अंगणात ते स्वतः जागा खणून देतील, वलीच्या उशाशी.

"चाचा, तिच्यात काय लिहिलंय ते तुम्हाला ऐकायचं नाही?"

"मला ठाऊक आहे."

"मला अजून नाही."

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. "मग वाचूच नकोस, पोरी. वाचलेलं विसरता येत नाही, आणि तुला याच गावात राहायचंय."

त्यांच्या आवाजात धमकी नव्हती, काळजी होती. सालहाला भीती वाटली ती त्यामुळेच. तिने नंतर खमैसला विचारलं, तुझं काय म्हणणं. तो मासे अडवायला उथळ पाण्यात उभा करायचा झावळ्यांचा कूड विणत होता. मान वर न करता म्हणाला की तुझ्या बापाची वस्तू आहे, तू ठरव. मग तो समुद्रावर गेला आणि त्या दिवशी उशिरा परतला.

सालहाने वाचायला घेतलं. वलीचं पान शोधून काढणं अवघड नव्हतं, पण तिने पहिल्या पानापासून सुरुवात केली. बाबांनी तसंच शिकवलं होतं. दुपारी काम आटोपलं की अंजिराच्या झाडाखाली, मागच्या भिंतीला टेकून ती बसायची. हाजी मन्सूरची अक्षरं आडवी, लांब शेपटांची, वाऱ्यात कललेल्या गवतासारखी. त्या अक्षरांतून सुभेदार येत आणि जात, माल्टाचे चाचे येऊन माणसं पळवून नेत, टोळ येत, पाऊस न येताच वर्षं निघून जात. समुद्राखालच्या ओढ्यांनी वाटा कशा बदलल्या हे म्हातारा इतक्या मायेने लिही की जणू ते त्याचे नातलग होते. वाचता वाचता सालहाचा डोळा लागे. जाग आली की समोरचा चकचकता समुद्र आजचा की बखरीतला, हे उमगायला थोडा वेळ लागे. एकदा खमैस दारातून आत येताना दिसला आणि क्षणभर तिला वाटलं, हा कोणत्या सुभेदाराच्या काळातला माणूस.

वलीचं प्रकरण आलं तेव्हा तिने पुस्तक मिटलं आणि पुढचे काही दिवस उघडलं नाही. त्या दिवसांत दुपारच्या झोपेत तिला एक माणूस दिसायचा. उथळ पाण्यात पालथा पडलेला. लहान मासे त्याच्या बाहीतून आत जायचे आणि गळ्याजवळून बाहेर यायचे. त्याची भीती वाटत नसे. कोणीतरी येऊन आपल्याला उताणं करील म्हणून तो थांबलाय, एवढंच तिला झोपेत कळायचं.

मग मोठ्या सुकतीचा दिवस आला. अशा दिवशी रास मिल्हचा समुद्र इतका मागे हटतो की गुडघाभर पाण्यातून माणूस गाव ठिपक्याएवढं होईपर्यंत चालत जाऊ शकतो. सालहाने बखर शिडाच्या कापडात बांधून डोक्यावर घेतली आणि ती पाण्यात शिरली. खमैस पुढे कुडांवर होता, त्याच्याकडे निघालेय असं तिने स्वतःला सांगितलं. पण कुडांच्या पलीकडे खोल ओढा होता, फिकट पाण्यातून जाणारी काळसर निळी वाट. बापाने तिच्या डोक्यावर ठेवलेलं ओझं तिथे सोडलं असतं तर कोणाला काही म्हणायला जागा उरली नसती.

पाय आपोआप चालत होते. तळाचं गवत घोट्यांना लागून मागे सरत होतं. वर ऊन होतं पण त्याची धार गेलेली, आणि चहूकडे इतकं एकसारखं उजळ होतं की आपण पुढे जातोय की जागच्या जागी पाय हलवतोय, तेही कळेना. ओढ्याच्या काठाशी आली तेव्हा तळ एकदम नाहीसा झालेला तिला दिसला. ती थांबली.

खमैसने तिला मघाशीच पाहिलं होतं. त्याने हाक मारली नाही. होडी ढकलत तो हळूहळू जवळ आला.

"बुडवायला आलीस की वाचायला?"

"ठरलं नाही."

"मग होडीत बैस. उभ्याने कशाला ठरवतेस?"

ती होडीत बसली. त्याने एक संत्रं सोलून अर्धं तिला दिलं. संत्रं संपल्यावर सालहाने हात पदराला पुसले, कापड सोडलं आणि ते प्रकरण मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तिनेही ते पहिल्यांदाच वाचलं.

हाजी मन्सूर लिहीत होते की ते विशीचे असताना, वादळानंतरच्या सकाळी, उम्म हानी नावाच्या विधवेच्या कुडात मासळीबरोबर एक बुडालेला माणूस सापडला. अंगात परक्या शिवणीचा डगला होता. चेहरा समुद्राने पुसून टाकला होता. तो कोणत्या मुलखाचा, कोणत्या दीन-धर्माचा, काही कळायला मार्ग नव्हता, म्हणून त्याला गुसल, दफनाआधीचं न्हाण, घालायला कोणी पुढे होईना आणि जनाज्याची नमाज पढावी की नाही यावर दर्यावर्दी आणि इमाम यांच्यात वाद लागला. ऊन चढू लागलं. तेव्हा उम्म हानी म्हणाली की तो माझ्या कुडात आलाय, माझा पाहुणा आहे. तिने सगळ्यांना हटवलं आणि त्याला घरात नेऊन स्वतः न्हाऊ घातलं. बाहेर आल्यावर इमामाने दबक्या आवाजात विचारलं, काय दिसलं, आपल्यातला होता का. ती म्हणाली, "मी आईच्या नजरेनं पाहिलं. मला कोणाचं तरी लेकरू दिसलं."

तिचा स्वतःचा मुलगा, यूनुस, मागच्या हिवाळ्यात होडी घेऊन गेला होता तो आलाच नव्हता. मागे त्याची लहान लहान पोरं होती. हा माझा यूनुस नाही हे मला कळतं, असं ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, पण माझाही कुठेतरी कोणाच्या कुडात गेला असेल. तिने त्या परक्याला मुलाचं नाव देऊन भूशिरावर दफन केलं आणि रोज नातवंडांना घेऊन तिथे दिवा लावायला जाऊ लागली. पोरं मोठी झाली. गाव त्यांना यूनुसची लेकरं म्हणे, आणि ती होतीच यूनुसची.

सालहाने पान उलटलं. पुढच्या ओळी तिने सावकाश वाचल्या. "आज ती मुलं म्हणतात की या कबरीत आमचा बाप आहे, आणि त्यांची मुलं म्हणतात की तो वली होता. मी त्यांना दोष देत नाही. ज्याच्या बापाला कबर नाही त्याने जावं कुठे? पण समुद्राने आमच्या हवाली केलेला माणूस मेलेला होता, आणि त्याला वाट पाहणारं कोणी असेल तर ते पाण्यापलीकडे आहे. त्यांचीही आठवण कोणी ठेवावी म्हणून मी हे लिहिलं."

होडी आपोआप थोडी फिरली होती. खमैस कुडाकडे पाहत होता.

"हा शेवटचा कूड," तो म्हणाला, "याला सगळे बाईचा कूड म्हणतात. आजोबाही म्हणायचे. कोण बाई, ते त्यांना माहीत नव्हतं."

सालहाने उम्म हानीच्या नावावर बोट ठेवून पान त्याच्यापुढे धरलं.

"म्हणजे आपला यूनुस दर्ग्यात नाहीच," तो म्हणाला.

"नाही. तो समुद्रातच आहे."

"आजोबाही तसेच गेले. शोधायला बाबा दोन्ही किनारे फिरले." खमैसने पाण्यात हात घातला आणि तसाच ठेवला. "त्यांना कोणी न्हाऊ घातलं असेल का गं?"

सालहाने बखर मिटून मांडीवर ठेवली आणि दुसरा हात त्याच्या पाठीवर. पाणी परत चढू लागलं होतं. कुडाच्या झावळ्यांमधून ते इतक्या हळू येत होतं की पाणी येतंय की झावळ्या बुडतायत, ते समजत नव्हतं.

परत निघताना तिने आपलं ठरलेलं सांगितलं. बखर घरातच राहील, फळीवर, उघड्यावर. कोणालाही ऐकायची असेल त्याने यावं, ती वाचून दाखवील. पण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. मधलं पान कोणाला मिळणार नाही. भावालाही नाही आणि चाचांनाही नाही.

"मिठाच्या करासकट?" खमैसने विचारलं.

"मिठाच्या करासकट."

"मग कोणी येणार नाही."

"नाही आले तर नाही आले."

आधी खरंच कोणी आलं नाही. उलट औलाद यूनुसमधल्या दोन-तीन घरांनी तिच्याकडून दोऱ्या घेणं बंद केलं, आणि एका सकाळी उंबऱ्यावर मासळीची घाण टाकलेली मिळाली. सालहाने पाणी ओतून उंबरा धुतला. खमैस त्या दिवशी दर्ग्याशेजारच्या कॉफीच्या दुकानात जाऊन ऐन मध्ये बसला आणि अंधारेपर्यंत उठला नाही.

मग थंडी पडल्यावर खमैसची आत्या वसीला आली. तिला दिसत कमी होतं आणि घरात करमत नव्हतं. काहीही वाच, म्हणाली. तिच्यामागून तिच्या सुना आल्या, त्यांच्या शेजारणी आल्या. बायका लोकर घेऊन यायच्या, चहा चढायचा. टोळांच्या वर्षाला वसीला रडली. मिठाच्या कराने मात्र सगळ्या भडकल्या. इतका कर, आणि तोही ओल्या मिठावर, असं म्हणून त्यांनी त्या सुभेदाराला तो जिवंत असल्यासारख्या शिव्या घातल्या. पुरुष आले ते होडीच्या कामाचं निमित्त काढून. फर्जानीचाचा घरात आले नाहीत. ते खमैसची वाट बघतोय असं सांगून खिडकीबाहेरच्या दगडी बाकावर बसायचे, खमैस समोरून गेला तरी बसूनच राहायचे.

शाळेच्या सुटीत तिजानी आला. अजून गाल फुगलेलेच होते. आपण मिठाच्या करापर्यंत पोचलोय, बस, असं सालहाने सांगितलं तेव्हा तो बसला आणि त्याला तिथेच डुलकी लागली. पण तो राहिला. रोज ऐकत राहिला. शेवटी त्याने फोन काढला नाही. सबंध बखर पहिल्यापासून उतरवून काढू का, एवढंच विचारलं. सालहाने त्याला बाबांचा जुना चष्मा दिला, अक्षरं बारीक आहेत म्हणून. तो हसला आणि मग त्याला चष्मा डोळ्यांवर चढवता येईना.

ते प्रकरण वाचायचं त्या दिवशी बायकांनी लोकर बाजूला ठेवली. सालहाने वाचलं. वसीलाने हळूच उम्म हानीचं नाव उच्चारून पाहिलं, जसं कोणी घरात आलेल्या नव्या सुनेचं नाव घेऊन बघतं. कोणीतरी उठून दार उघडलं तर दारात फर्जानीचाचा उभे. ते आत आले, पण बसले नाहीत.

"परक्या मेलेल्या पुरुषाला हात लावणारी बाई," ते म्हणाले. "ही आमची आजी म्हणून देतेस आम्हाला?"

"मी काही देत नाही, चाचा. जे लिहिलंय ते वाचलं."

"लेखनिकाने लिहिलंय. त्याला कोणी विचारलं होतं?"

उत्तराला न थांबता ते गेले. काठीचा आवाज गल्लीत बराच वेळ येत राहिला. त्यानंतर ते बाकावर आले नाहीत. वाटेत सालहा भेटली तर सलामाला उत्तर द्यायचे, तेवढंच. तिला वाईट वाटायचं. म्हातारा खोटा नव्हता. आयुष्यभर त्याने त्या कबरीवर गलेफ बदलला होता, भिंतींना चुना दिला होता, वादळी रात्री उठून दिवा विझला नाही ना हे पाहिलं होतं.

वसंतात उरूस आला. डफ वाजत होते, लोबानाचा धूर भूशिरावरून खाली उतरत होता. सगळं गाव दर्ग्यापुढे जमलं होतं. सालहा कुसकुसची मोठी परात घेऊन बायकांत उभी होती. दार उघडण्याआधी मुजावराने आपली वंशावळ मोठ्याने म्हणायची, अशी तिथली रीत. फर्जानीचाचांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. मी फर्जानी, मुख्तारचा मुलगा, तो बेल्गासिमचा, तो अलीचा, असं करत ते मागे मागे जात राहिले आणि शेवटी म्हणाले, "तो यूनुसचा." याच्यापुढे दर वर्षी ते म्हणत, "जो समुद्रावरून आला." या वर्षी ते थांबले. लोकांना वाटलं घसा सुकला. कोणी पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी तो हाताने बाजूला सारला, समुद्राकडे एकदा पाहिलं आणि पुढचं काही न बोलता दाराची कडी काढली.

डफ पुन्हा सुरू झाले. गर्दीतून खमैसने सालहाकडे बघितलं. त्याच्याशिवाय कोणाच्या ते ध्यानात आलं की नाही, कोण जाणे.

परात दाराशी ठेवून बायकांच्या रांगेतून ती आत गेली. आत गारवा होता, चुन्याचा आणि मेणबत्त्यांचा वास होता, आणि खिडकीतून आलेलं ऊन गलेफावर थरथरत होतं, पाण्याखाली थरथरतं तसं. दर वर्षी ती इथे काही ना काही मागायची. मुलीची तब्येत, नवऱ्याचं सुखरूप परतणं. या वर्षी तिने हात गलेफावर ठेवला आणि काही मागितलं नाही. घरी आलेल्या पाहुण्याला विचारावं तसं तिने विचारलं, "बरा आहेस ना?" आणि मागच्या बाईला जागा करून देत ती बाहेर उन्हात आली. परातीतला कुसकुस अजून गरम होता, आणि वाढायला कोणी नव्हतं, म्हणून ती स्वतःच वाढू लागली.